घुमटांखालचं रुग्णालय: उस्मानिया, हैदराबाद

मंडळी, बीड जिल्ह्यात जुनी दगडी इमारत दिसली की आपण बेधडक 'ब्रिटिशकालीन' म्हणून मोकळे होतो. आम्हीही म्हणायचो. पण बीड १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. अंबाजोगाईला, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादला, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. अधिकारी इंग्रज, खर्च निजामाचा. अशा दुहेरी सत्तेनं रुग्णालय कसं बांधलं, हे बघायचं तर ससून किंवा जे.जे. पुरे पडत नाहीत. आपल्या त्या वेळच्या राजधानीत जायला हवं. म्हणून आज उस्मानिया रुग्णालय.

गोष्ट पाण्यापासून सुरू होते. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीला महापूर आला, हजारो माणसं गेली, अफझलगंजचं जुनं रुग्णालयही उद्ध्वस्त झालं. आवारातल्या चिंचेच्या झाडावर चढून दीडएकशे जण वाचले, असं सांगतात. १९८९ चा बिंदुसरेचा पूर ज्यांनी पाहिलाय, त्यांना ते झाड वेगळं समजावून सांगायला नको. पुढे विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्यानं उस्मानसागर, हिमायतसागर हे तलाव झाले, आणि सातव्या निजामानं नदीकाठ नव्यानं बांधायला घेतला.

काम दिलं व्हिन्सेंट एश या इंग्रज वास्तुविशारदाला. कलकत्त्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलच्या कामावर देखरेख करून आलेला माणूस. दक्षिण काठावर त्याचं हायकोर्ट, समोर उत्तर काठावर हे रुग्णालय. १९२५ च्या सुमारास पूर्ण झालेलं. मधोमध मोठा घुमट, बाजूला छोटे घुमट आणि छत्र्या, कमानींच्या ओळी, चुन्याचं नक्षीकाम. त्याला इंडो-सारासेनिक म्हणतात. आम्हाला हे नाव जरा सोयीचं वाटतं. इंग्रज माणूस मुघली आणि दख्खनी आकार निवडतो आणि निजामाला ते आपलेच वाटतात. तिथे कोण कोणाची नक्कल करतंय?

दोष सांगायलाच हवा. हा दर्शनी भाग रुग्णासाठी नाही, नदीपलीकडून बघणाऱ्यासाठी आहे. राज्यकर्त्याचा दबदबा आधी, खाट नंतर. पण आत शिरलं की मत थोडं बदलतं. उंच छत, जाड भिंती, कमानींचे व्हरांडे: उन्हाळ्यात विजेच्या पंख्याशिवाय वारा खेळवायची ही अक्कल आपल्या आजच्या काचेच्या इमारतींकडे नाही.

मग बिघडलं कुठे? घुमटांवर रोपटी उगवली, छत गळू लागलं, पोपडे पडू लागले. २०१५ मध्ये सरकारनं इमारत पाडून टाकायचं म्हटलं. वारसाप्रेमींनी विरोध केला. जुलै २०२० मध्ये पावसाचं पाणी वॉर्डात शिरलं, रुग्ण हलवले, जुनी इमारत बंद केली. पुरानंतर उभारलेली वास्तू पुन्हा पाण्यानंच रिकामी केली, पण या वेळी नदी नव्हे, तुंबलेली गटारं. चुन्याच्या बांधकामाला दरवर्षी हात लावावा लागतो, ते काम वर्षानुवर्षं टाळलं गेलं.

जानेवारी २०२५ मध्ये गोशामहलला नव्या रुग्णालयाची पायाभरणी झाली. ते हवंच होतं. रोग्याला वारसा नको, खाट हवी. पण 'जुनी इमारत पडायलाच आलीय' हे वाक्य आम्हाला मान्य नाही. ती पाडायची की तिथे बाह्यरुग्ण विभाग ठेवायचा, हे ठरवण्याआधी तिच्या छतावरची झाडं काढून बघा. आणि हो, आपल्या तालुक्याच्या जुन्या दवाखान्याच्या छतावर शेवटचं कोण चढलं होतं, तेही विचारा.