मस्तानीला न्याय मिळाला, पण अर्धाच

'बाजीराव मस्तानी' १८ डिसेंबर २०१५ ला आला, तेव्हा 'पिंगा'वरून गदारोळ झाला. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचल्या असतील का, यावर आमच्या निपाणीतही चहाच्या गाड्यावर वाद रंगले. परवा चित्रपट पुन्हा पाहिला. माझी तक्रार वेगळीच आहे.

आधी जमेची बाजू. मस्तानी म्हणजे राऊंना नादी लावणारी नाचणारीण, असंच आपण ऐकत आलो. पान खाल्लं की तांबडा रस तिच्या गळ्यातून दिसायचा, ही दंतकथा सगळ्यांना पाठ. पुण्यात तर तिच्या नावाचं थंड पेय मिळतं. ना. सं. इनामदारांच्या 'राऊ'वर बेतलेल्या या चित्रपटात भन्साळींनी तिला छत्रसालाची मुलगी, तलवार चालवणारी, पत्नीचा मान मागणारी बाई म्हणून उभं केलं. हे काम लहान नाही.

आता इंजिनिअरची खोड. शनिवारवाडा १७३० ते १७३२ मध्ये बांधला, खर्च १६,११० रुपये. जुन्नरचं सागवान, चिंचवडचा दगड, जेजुरीचा चुना. आपल्याकडचे जुने वाडे पाहिलेत ना? लाकडी खांब, जाड भिंती, मधे चौक. त्यात तो झगझगीत आरसेमहाल कुठं बसवायचा? पण ते सोडा, सिनेमा आहे, चालायचंच.

खरी चूक शेवटात आहे. २८ एप्रिल १७४० ला रावेरखेडीत राऊ गेले, पाठोपाठ मस्तानी गेली, आणि चित्रपट संपतो. पण तिचा सहा वर्षांचा मुलगा, शमशेरबहाद्दर? त्याला पेशवे घराण्यानंच वाढवलं, सरदारी दिली. १७६१ ला पानिपतावर तो मराठ्यांकडून लढला, जखमी झाला आणि त्यातच गेला. त्याचा मुलगा अलीबहाद्दर पुढं बुंदेलखंडात, म्हणजे आजीच्याच मुलखात उतरला. बांद्याचे नवाब ते हेच घराणं.

ज्या नानासाहेबांनी आईला कैदेत ठेवलं, त्यांच्याच कारकिर्दीत मुलगा सरदार झाला. माणसं अशी गुंतागुंतीची असतात. चित्रपटानं मात्र राधाबाई, चिमाजीअप्पा, नानासाहेब यांना काळ्या रंगात बुडवून मस्तानीचा डाग पुसलाय. असा डाग जात नाही, दुसऱ्याच्या अंगाला लागतो.

आम्हा सीमाभागातल्यांना 'तुम्ही नक्की कुठले?' हा प्रश्न नवा नाही. मस्तानीलाही पुण्यानं तोच विचारला. तिच्या मुलानं त्याचं उत्तर पानिपतावर दिलं. ते पडद्यावर यायला हवं होतं.

पुण्याला जाल तेव्हा जमलं तर पुढं पाबळपर्यंत जाऊन या. तिची कबर आहे तिथं.