मोजणी आणि संबंध : सरावप्रश्नांच्या भाषेचा विचार

सलग राशींऐवजी सुट्या, मोजता येण्याजोग्या वस्तूंचा आणि त्यांच्यातील संबंधांचा विचार करणारी गणिताची शाखा म्हणजे विविक्त गणित. या शाखेच्या सरावप्रश्नांत आकडेमोड बहुधा अल्प असते. विद्यार्थी अडखळतो तो वाक्यापाशी. असे असूनही प्रश्नाच्या भाषेकडे केवळ वेष्टन म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. तो सदोष होय. कारण काय मोजावयाचे आणि कोणत्या दोन गोष्टी एकच मानावयाच्या, हे ठरविण्याचे काम येथे भाषाच करीत असते.

शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला. हातांनी काम करीत शिकावे हे त्याचे सूत्र, आणि त्रिकोण जोडून उभारलेले घुमट ही त्याची एक ओळख. अशा घुमटांच्या एका परिचित प्रकारात वीस त्रिकोणी पृष्ठांची घनाकृती घेऊन प्रत्येक त्रिकोणाच्या बाजू दुभागतात. त्यातून सिद्ध होणाऱ्या गोलाच्या अर्ध्या भागात ४० त्रिकोण येतात. आता ‘प्रत्येक त्रिकोणास तीन दांडे, तर एकूण दांडे किती?’ असे विचारले, तर १२० हे उत्तर सहज निघते. प्रत्यक्षात ६५ दांडेच लागतात. तळाच्या कडेचे १० दांडे एकेका त्रिकोणाचे असतात. उरलेले ५५ दोन-दोन त्रिकोणांस सामाईक असतात. दहा आणि पंचावन्नाची दुप्पट मिळून १२० होतात. म्हणजे गुणाकार चुकलेला नाही. ‘त्रिकोणाची बाजू’ आणि ‘घुमटाचा दांडा’ ही दोन पदे एकार्थी मानली गेली, एवढेच. कार्यशाळेत अशी चूक ५५ जादा दांड्यांच्या रूपाने समोर येते. वहीत मात्र तिला आडवे येणारे काही नसते. तेथे सारा भार शब्दांवर पडतो.

हा भार जुन्या गणितज्ञांनी ओळखला होता. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’च्या (सुमारे ११५०) अखेरीस ‘अंकपाश’ हे प्रकरण येते. त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी नातू चांगदेव याने स्थापिलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. अंकपाशातील एका उदाहरणात शंभूच्या दहा हातांतील दहा आयुधांची अदलाबदल करून किती ‘मूर्तिभेद’ होतात, असे विचारले आहे, उत्तर ३६,२८,८००. हरीच्या चार आयुधांचे २४ भेद होतात. येथे प्रत्येक आयुधाचा नामनिर्देश असल्याने ती परस्परांहून भिन्न, हे वेगळे सांगावे लागत नाही. आणि ‘मूर्तिभेद’ या एका शब्दाने मोजावयाची वस्तूही निश्चित होते. एका हाती एकच आयुध, ही अट मात्र उच्चारलेली नाही. ती मूर्तींच्या परिचयावर सोपविलेली आहे. तो परिचय नसलेल्या वाचकापुरता प्रश्न अपुरा राहतो, हेही मान्य केले पाहिजे.

मराठी वाक्यात अशी अनुच्चारित अट अनेकदा क्रियापदात दडलेली असते. ‘दहा जणांनी एकमेकांशी हस्तांदोलन केले’ याचे उत्तर ४५. ‘दहा जणांनी एकमेकांस एकेक पत्र लिहिले’ याचे ९०. ‘एकमेकां’ हे पद दोहोंकडे आहे. परंतु हस्तांदोलन दोघांचे मिळून एक होते, पत्रे दोन होतात.

संबंधांच्या प्रश्नांत हा विषय अधिकच नाजूक होतो. इंग्रजी पाठ्यपुस्तकांच्या वळणावर ‘भाऊ असणे हा संबंध संक्रामक आहे काय?’ असा प्रश्न घातला जातो आणि ‘होय’ हे उत्तर अपेक्षिले जाते. मराठीत चुलतभाऊ आणि मामेभाऊ हेही भाऊच. एखाद्याचा चुलतभाऊ त्याचा भाऊ, आणि तो स्वतः आपल्या मामेभावाचा भाऊ. परंतु त्या चुलतभावाचे आणि मामेभावाचे आपसात काही नाते असेलच असे नाही. तेव्हा ‘नाही’ असे लिहिणारा विद्यार्थी भाषा आणि गणित दोन्ही बरोबर जाणतो, आणि तरीही गुण गमावतो. ‘सख्खा’ हे विशेषण घातल्यानेही काम पुरते होत नाही : एक जण दुसऱ्याचा सख्खा भाऊ आणि दुसरा पहिल्याचा, म्हणून पहिला स्वतःचाच भाऊ ठरत नाही. तिन्ही व्यक्ती भिन्न, ही अट स्पष्टपणे घालावीच लागते.

वस्तुतः मराठी नात्यांची व्यवस्था ही संबंधांच्या अभ्यासाची तयार सामग्री होय. साडू आणि जाऊ हे सममित संबंध आहेत. ‘आईचा भाऊ तो मामा’ हे दोन संबंधांच्या संयोगाचे उदाहरण आहे. केवळ पुरुषांचा संच घेतला तर चुलतभाऊ व मावसभाऊ ही नाती सममित आहेत. मामेभाऊ मात्र तसे नाही, त्याचा व्यस्त संबंध आतेभाऊ. संच बदलून त्यात स्त्रियाही घेतल्या, की चुलतभावाची सममितीही मोडते. कारण उलट बाजूस चुलतबहीण असू शकते. ज्या भाषेत या चारही भावंडांना एकच शब्द आहे, तिच्यातून उचललेल्या प्रश्नांत हे भेद येणार कोठून?

केवळ परिचित वस्तू घातल्याने प्रश्न चांगला होत नाही, हे घुमटाच्या उदाहरणावरूनही दिसले. ‘सामाईक’ हा शब्द सुचल्याशिवाय ६५ हे उत्तर हाती लागत नाही. प्रश्न रचणाऱ्याने मोजावयाच्या वस्तूला नाव द्यावे, संच सांगावा आणि आपले वाक्य मराठी कानाने एकदा वाचून पाहावे. एवढे न करता दिलेला प्रश्न विद्यार्थ्याचे गणित तपासत नाही. प्रश्नकर्त्याच्या मनातील दुसरी भाषा त्याला ओळखता येते की नाही, एवढेच तपासतो.