पाठमोरा वाटाड्या

गेल्या वर्षी मी एक प्रवासलेख लिहिला. हो ची मिन्ह सिटीत, म्हणजे तिथले लोक बोलताना अजूनही म्हणतात त्या सायगॉनमध्ये, एका संध्याकाळी मोटरसायकलवर मागे बसून चार तास केलेल्या भटकंतीचा. लेख बरा उतरला आहे असं मला वाटत होतं. भामरागड तालुक्यात शिक्षक असलेल्या एका मित्राला तो पाठवला. त्याचा फोन आला.

"लेख वाचला गा. पन गाडी कोन चालवत होता?"

मी लेख पुन्हा उघडला. साधारण अठराशे शब्दांत 'आमची गाइड' तीनदा आली होती. एकदा ती हसली होती. एकदा तिनं काहीतरी खायला सुचवलं होतं. आणि एकदा 'गाइडच्या म्हणण्यानुसार' एवढ्यापुरती ती आली होती. बाकी सगळीकडे गाडी जणू मीच चालवत होतो. वळणं मी घेत होतो, गल्ल्या मला सापडत होत्या, शहर माझ्यापुढं उलगडत होतं. प्रत्यक्षात त्या चार तासांत माझ्या हातात सीटमागच्या लोखंडी दांड्याखेरीज काहीही नव्हतं.

हा प्रश्न मला जास्त टोचला त्याला कारण आहे. नोकरी लागण्याआधी काही वर्षं मी चंद्रपुरात राहून नेमकं हेच काम केलेलं आहे. बाहेरून आलेले पत्रकार, संशोधन करणारी मुलं, संस्थांचे पाहुणे, क्वचित एखादा लेखक यांना माझ्या जुन्या स्प्लेंडरवर मागे बसवून गडचिरोलीच्या दक्षिणेकडे न्यायचो. गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली आणि तिथून पुढे जंगलातून भामरागड. डांबरी रस्त्यापर्यंत एसटी होतीच. पण रस्ता सोडून आतल्या गावात जायचं, मधे दोन नाले लागतात, तर तिथं दुचाकीच कामाची. पेट्रोलचे पैसे मिळत, दिवसाचे वर थोडे. मला त्यात कमीपणा वाटला नव्हता. लेख छापून आल्यावर मात्र वाटला.

मोठ्या शहरातून आलेल्या एका लेखकाला मी एका पावसाळ्यात घेऊन गेलो होतो. हेमलकसा ओलांडलं की पुढं पर्लकोटा नदी, पलीकडे भामरागड. पावसाळ्यात पुलावरून पाणी जातं आणि भामरागडचा संपर्क तुटतो, हे आमच्याकडे दरवर्षीचं. त्या दिवशी पाणी पुलाला लागायच्या बेतात होतं. मी गाडी थांबवली, काठावरचा एक दगड डोळ्यांनी धरून ठेवला आणि पाच-सात मिनिटं तो बुडतो का ते पाहत राहिलो. दगड बुडाला. मी गाडी वळवली. दिवाळी अंकातल्या लेखात या प्रसंगावर एक सुंदर परिच्छेद होता. नदीच्या रौद्र रूपानं लेखकाचे पाय कसे खिळून राहिले आणि मग त्यांनी जड मनानं परतायचं कसं ठरवलं, असा. मी त्या लेखात 'एक स्थानिक तरुण' होतो आणि तेही आलापल्लीपर्यंतच. नदीकाठी मी नव्हतो. दगडही नव्हता.

तेव्हा मी या प्रकाराला अन्याय म्हणत होतो. आता, माझाच लेख समोर ठेवून, मला तो लेखनाचा दोष वाटतो. लेखकाच्या शिष्टाचारात काय चुकलं हा मुद्दा वेगळा. इथे मुद्दा असा की दगड गेल्यामुळे परिच्छेद खोटा झाला आणि खोट्यापेक्षाही वाईट म्हणजे सपाट झाला. पाणी चढतं आहे की उतरतं आहे, हे कसं ओळखायचं याचं एक ज्ञान तिथं हजर होतं. ते गाळून त्या जागी एक भावना घातली गेली. नदीकाठी येणारी भावना कुठल्याही नदीकाठी येते. दगड पर्लकोटेचा होता.

मराठी प्रवासवर्णनात वाटाड्या साधारणपणे तीन रूपांत भेटतो. एक, विनोदी पात्र: मोडकं इंग्रजी बोलणारा, घाई करणारा, टिपची वाट पाहणारा. दोन, माहितीचा नळ: सनावळ्या आणि उंच्या सांगणारा, ज्याचं बोलणं लेखक पुढे स्वतःच्या नावावर वापरतो. तीन, नाहीसा झालेला. तिसरा प्रकार संख्येनं सर्वांत मोठा, आणि तो दिसत नसल्यामुळेच त्याच्यावर लिहिलं जात नाही. तो ओळखायचा व्याकरणावरून. 'आम्ही पोहोचलो', 'एक गल्ली लागली', 'समोर देऊळ आलं'. कोण घेऊन गेलं, तीच गल्ली का निवडली, कुठली टाळली, याला वाक्यात जागाच नसते.

पहिल्या प्रकाराचं खापर कधीकधी पु. ल. देशपांड्यांवर फोडलं जातं. आग्नेय आशिया आणि जपानच्या प्रवासावरचं त्यांचं 'पूर्वरंग' १९६३चं. त्यानंतर त्या बाजूला गेलेल्या मराठी माणसानं ते वाचलेलं नसणं अवघडच. पण पु.लं.च्या प्रवासवर्णनांत भेटलेली माणसं लेखकाला अडवतात, त्याची फजिती करतात आणि विनोदाचं टोक बहुतेक वेळा स्वतः पु.लं.कडे वळलेलं असतं. 'वंगचित्रे'मध्ये तर पन्नाशीतला माणूस बंगाली शिकायला शांतिनिकेतनात विद्यार्थी होऊन बसतो. शिकवणारे दुसरे आहेत, हे त्या पुस्तकाच्या मुळाशीच आहे. अनुकरण करणाऱ्यांनी त्यातली मिश्किली उचलली आणि विद्यार्थीपण सोडून दिलं. मीही त्यांतलाच.

माझ्या सायगॉनच्या लेखातलं एक वाक्य नमुन्यादाखल घेतो. मी तिथल्या वाहतुकीला 'शिस्तबद्ध गोंधळ' म्हटलं होतं. हा शब्दप्रयोग अशा लेखांत इतका येतो की तो मी लिहिला असं म्हणणंही जास्तीचंच. शेकडो दुचाकी चौकात चारही बाजूंनी एकमेकींत शिरतात आणि कुणी कुणाला धडकत नाही. मागे बसलेल्याला तो गोंधळ दिसतो, कारण त्याला ते वाचता येत नाही. पुढे बसलेली मुलगी मात्र ते वाचत होती. निघण्यापूर्वी तिनं मला पायी रस्ता ओलांडायला शिकवलं होतं: एका चालीनं चालत राहायचं, थबकायचं नाही, धावायचं तर मुळीच नाही. तुम्ही पुढच्या क्षणी कुठे असाल हे गाडीवाल्यांना कळलं पाहिजे, मग ते तुम्हाला वळसा घालतात. म्हणजे तिथं एक नियम होता, तो मला सांगितला गेला होता आणि त्याच्या जोरावर मी जिवंत पलीकडे पोहोचलो होतो. तरीही लेखात मी 'गोंधळ' लिहिलं. ताडोब्यातही हेच पाहतो. चितळाचा इशारा कोणता, वानराचा कोणता, सांबर ओरडलं तर किती गंभीरपणे घ्यायचं, हे ऐकून जिप्सी कुठे उभी करायची ते मोहर्लीसारख्या गावातला गाइड ठरवतो. घरी गेल्यावर लिहिलं जातं, 'मला वाघ दिसला.'

याच्या उलट जाणारं लेखन आपल्याकडे आहे आणि ते आमच्याच जंगलांच्या आसपासचं आहे. मारुती चितमपल्ली वनाधिकारी होते. जंगलात अधिकारानं हिंडू शकत होते. तरी त्यांच्या लेखनात पाखराचं किंवा झाडाचं नाव येतं तेव्हा ते ज्यांच्याकडून कळलं ती माणसंही पुष्कळदा बरोबर येतात: नवेगाव बांधचे माधवराव पाटील, ढीवर, गोंड. शब्द कुणाच्या तोंडून आला हे राखल्यामुळे तो शब्द कोरडा होत नाही. दुसरं उदाहरण मिलिंद बोकील यांच्या 'गोष्ट मेंढा गावाची' या २०१२च्या पुस्तकाचं. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा त्याचा हक्क मान्य झाला. तिथं जाणारा पाहुणा गाव 'शोधून' काढूच शकत नाही, कारण गावानं अभ्यासगटांत बसून स्वतःचा अभ्यास आधीच केलेला असतो आणि ग्रामसभा सर्वसहमतीनं निर्णय घेत असते. बोकिलांचं पुस्तक ही गोष्ट मान्य करून चालतं. गावाला स्वतःबद्दल काय माहीत आहे, ते त्यात केंद्रस्थानी आहे. लेखक मागच्या सीटवर बसला आहे आणि ते तो लपवत नाही.

मग वाटाड्याचं नाव लिहिलं की झालं का? मला बरेच दिवस तसं वाटत होतं. मित्राशी बोलताना त्यानं ते मोडून काढलं. "तुझं नाव तवा छापलं असतं तं?" एवढंच तो म्हणाला. त्या वर्षांत कोण कुणाला घेऊन कुठल्या गावात गेला, याची चौकशी आमच्याकडे दोन्ही बाजूंनी होत असे. पोलीस विचारत आणि आतले लोकही विचारत. छापील नाव ही भलत्याच कामाची वस्तू ठरू शकली असती. त्या लेखकानं मला 'स्थानिक तरुण' म्हटलं त्यात कदाचित ही काळजी असेल. मी ती शक्यता कधी धरलीच नव्हती. आज धरतो आणि इतकी वर्षं त्याच्यावर धरलेला राग निदान अर्धा तरी मागे घेतो.

पण अर्धाच. नाव झाकूनही दगड लिहिता आला असता. कसोटी नावाची नाहीच. ज्याच्यामुळे दिसलं त्याचे निर्णय लेखात दिसतात का, ही कसोटी आहे. कुठे थांबलो, कुठे थांबू दिलं नाही, काय सांगितलं, काय सांगायचं टाळलं, कुठून वळवलं. त्यासाठी ओळख उघड करावी लागत नाही. आपण तिथं एकटे नव्हतो आणि सर्वांत जाणते तर नव्हतोच, एवढं कबूल करावं लागतं.

या कसोटीवर माझा लेख तपासला, तर दोन जागी तो नापास होतो. पहिली जागा एका चौकातली. ११ जून १९६३ रोजी थिक क्वांग डुक या बौद्ध भिक्खूनं सायगॉनमधल्या त्या चौकात स्वतःला जाळून घेतलं. तिथं आता स्मारक आहे. मी लेखात त्यावर तीनशे शब्द लिहिले: बौद्धांवरची दडपशाही, झिएमचं सरकार, जगभर गेलेला फोटो. ही सगळी माहिती मी हॉटेलवर परतून फोनवर वाचली होती. चौकात ती मुलगी यातलं काहीच बोलली नव्हती. तिनं गाडी बंद केली, हेल्मेट काढलं आणि एवढंच सांगितलं की तिची आजी तेव्हा याच भागात भाजी विकायची आणि त्या दिवसाबद्दल घरात कधीच बोलायची नाही. ते मी 'अवांतर' म्हणून गाळलं होतं. तीनशे शब्द कुणीही लिहू शकलं असतं. आजीचं न बोलणं फक्त मला सांगितलं गेलं होतं.

दुसरी जागा पावसाची. लेखात त्याला चार शब्द आहेत: 'मधे जोरदार पाऊस झाला.' झालं होतं ते असं. पाऊस आला तशी तिनं गाडी कडेला घेतली, सीटखालून दोघांत मिळून एकच असा मोठा रेनकोट काढला, पुढून स्वतः घातला आणि मागचा पसारा माझ्या डोक्यावरून ओढून घेतला. पुढची वीस मिनिटं मी निळ्या प्लास्टिकखाली होतो. समोर तिची पाठ, बाकी काही नाही. ती मान किंचित वळवून मोठ्यानं सांगत राहिली: आता बाजार आहे, दुकानं आवरताहेत; आता कालव्यावरचा पूल; आता शाळा सुटलेली. अर्धं वाऱ्यात जात होतं. त्या वीस मिनिटांत शहर म्हणजे ती जे सांगेल ते, एवढंच होतं.

निघतानाच तिनं माझं वय विचारलं होतं. व्हिएतनामी भाषेत समोरच्याशी नातं ठरल्याशिवाय बोलणं सुरू होत नाही, वयावरून संबोधन ठरतं, म्हणून. मला वाटलं, आपण 'आन्ह', म्हणजे दादा ठरू. तिनं हिशेब केला आणि 'चू' ठरवलं, म्हणजे काका. आपल्याकडेही अनोळखी माणसाला दादा, भाऊ, काका म्हणतात, पण आपलं 'मी' मात्र जागचं हलत नाही. तिच्या भाषेत ते हलतं. काकाशी बोलताना ती स्वतःलाही 'मी' न म्हणता पुतणी किंवा लेक म्हणते. समोर कोण आहे, त्यावर बोलणाराही कोण ते ठरतं.

माझ्या लेखातला 'मी' चार तासांत कुठेही हलला नव्हता. तो लेख मी आता पुन्हा लिहायला घेतला आहे. सुरुवात चौकापासून नाही, बाजारापासूनही नाही. रेनकोटखालच्या त्या वीस मिनिटांपासून केली आहे. तिथं काहीच दिसत नव्हतं, त्यामुळे कोण दाखवत होतं ते लपवायची सोय नाही. पहिला खर्डा मित्राला पाठवला आहे. त्याच्याकडे पाऊस चालू आहे, रेंज नाही. पर्लकोटेचं पाणी उतरलं की तो वाचेल.