पार्वतीचं डोहाळजेवण

 

विषय जाहीर झाला तेव्हा एका गृहस्थांनी मला रस्त्यात गाठलं. "सर, जन्मभर कांट शिकवला, आता 'अशी ही बनवाबनवी'वर बोलणार?" हो, बोलणार. कांटचं एकही वाक्य बजाज चौकातल्या ऑटोवाल्याला पाठ नाही. या सिनेमाचे संवाद मात्र तो सिग्नलवर उभा असताना सहज म्हणून दाखवतो. सदतीस-अडतीस वर्षं लोक एखादी गोष्ट जिवापाड जपतात, तेव्हा त्यांना त्यात नेमकं काय सापडलं आहे, हे तत्त्वज्ञानाच्या माणसानं विचारायला नको का?

गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. १९८८चा सिनेमा, दिग्दर्शक सचिन, संवाद वसंत सबनीसांचे. मूळ कल्पना हृषिकेश मुखर्जींच्या १९६६च्या 'बीवी और मकान'मधली. पुण्यात जागा मिळते ती जोडप्यांनाच. म्हणून परशा पार्वती होतो आणि सुधीर सुधा. धनंजय माने आपल्या 'बायको'ची ओळख करून देताना गडबडतात आणि बायको या शब्दाआधी पुल्लिंगी सर्वनाम लावतात. (सभागृहात हशा.) बघा, मी वाक्य उच्चारलंसुद्धा नाही, आणि तुम्ही मनात म्हणून मोकळे झालात!

आता 'क्विअर वाचन' या शब्दाला बिचकू नका. स्त्री-पुरुषाच्या आणि प्रेमाच्या ठरीव चौकटीत जे बसत नाहीत, त्यांच्या जागी बसून तीच कलाकृती पाहायची, एवढंच. त्या जागेवरून काय दिसतं? घर दिसतं. सिनेमाचा मोठा भाग हा दोन जोडप्यांचा संसार आहे. त्यात भांडणं आहेत, रुसवेफुगवे आहेत, घरमालकीणबाईंची माया आहे. आणि शेवटी पार्वतीचं चक्क डोहाळजेवण! त्या प्रसंगाचं गाणं आज महाराष्ट्रात खऱ्याखुऱ्या डोहाळजेवणात वाजतं. माझ्या सुनेच्या वेळी आमच्याकडेही वाजलं. झोपाळ्यावर सून बसलेली, भोवती साऱ्या आत्या-मावश्या, आणि पडद्यावर ते गाणं ज्या गर्भार बाईसाठी आहे ती लक्ष्मीकांत बेर्डे आहे, याचं कुणालाही काही वाटत नव्हतं. मला हे फार विलक्षण वाटतं. बायकांच्या इतक्या खाजगी विधीत समाजानं हे सोंग आपणहून आणून बसवलं. कुणी सांगितलं नव्हतं.

याच्या शेजारी त्याच दशकातल्या गंभीर कलाकृती ठेवा. तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मधली सुमित्रा दुसऱ्या मुलीवर प्रेम करते आणि शेवटी जीव देते. 'उंबरठा'मध्ये, १९८२ सालच्या, आश्रमातल्या दोन बायकांचं नातं येतं आणि लगेच संस्थेपुढची अडचण होऊन बसतं. दोन्ही कृती धाडसी आहेत, त्यांचं मोल मी कमी करत नाही. पण गंभीर नाटक-सिनेमानं अशा माणसांना मरण दिलं किंवा चौकशी दिली. भाड्याची खोली त्यांना मिळाली ती फार्समध्ये.

आपल्याकडे ही चाहत्यांची रीत जुनीच. बालगंधर्वांची नेसण्याची ढब घरंदाज बायकांनी उचलली. १९२१च्या संयुक्त 'मानापमान'मध्ये केशवराव भोसल्यांचा धैर्यधर आणि गंधर्वांची भामिनी पाहायला लोटलेल्या गर्दीला दोघेही पुरुष आहेत हे ठाऊक नव्हतं थोडंच? विदर्भातल्या खडी गंमतीतही बाईचं काम पुरुषच करत आला. ठाऊक असूनही जीव लावायचा, हे आपल्या प्रेक्षकाला चांगलं जमतं. 'चला हवा येऊ द्या'मध्ये साडी नेसलेला पुरुष आला की मला ते मिळत नाही. तिथे साडी हाच विनोद आणि साडीपाशीच तो संपतो. पार्वतीला निदान घर तरी आहे.

कुणी म्हणेल, सबनीसांच्या मनात हे नव्हतं. नसेलच. परशाला कमळी हवी आहे, मान्यांना माधुरी मॅडम. ते मी नाकारत नाही. शेवटी सगळ्या जोड्या रीतसर लागतात. पण चाहते तो शेवट कुठे घोकतात? ते घोकतात मधला संसार. माझ्या मते ही निवड म्हणजेच चाहत्यांनी केलेली समीक्षा आहे.

एक कबुली देतो. नव्वदच्या दशकात एका विद्यार्थ्यानं तासानंतर मला विचारलं होतं, "सर, माने आणि पार्वती खरेच नवरा-बायको असते तर?" मी हसलो. म्हणालो, "सिनेमात नाही ते त्यात घालू नकोस." आणि त्याच आठवड्यात वर्गात मी गाडामर शिकवत होतो! कलाकृतीचा अर्थ कर्त्याच्या हेतूपाशी थांबत नाही, हे फळ्यावर लिहून समजावत होतो. त्या मुलानं पुन्हा काही विचारलं नाही.

६ सप्टेंबर २०१८ला कलम ३७७चा निकाल आला, त्या रात्री त्याचा फोन आला. दुसऱ्या शहरात असतो. निकालाबद्दल थोडं बोललो, मग मीच तो जुना प्रश्न काढला. तो म्हणाला, "सर, मी तेव्हा सिनेमाबद्दल विचारलंच नव्हतं." मग त्यानं सांगितलं, की तो आणि त्याचा मित्र अकरा महिन्यांच्या करारावर राहतात, आणि घरमालकाला 'चुलतभाऊ' म्हणून सांगितलंय.

बरं, आता प्रश्न घेऊ या. मागे बसलेल्यांनी जरा मोठ्यानं विचारा, मला डाव्या कानानं कमी ऐकू येतं.