सेंद्रिय कर्ब : आकडा आणि त्यामागची पद्धत

परिसर-अभ्यासाच्या अहवालांत मातीच्या तक्त्यात एक रकाना हमखास असतो : सेंद्रिय कर्ब, टक्के. या जंगलात इतका, त्या माळावर तितका. तो कोणत्या पद्धतीने काढला, हे मात्र पुष्कळदा एका शब्दात उरकलेले असते. आमचा आक्षेप या सवयीवर आहे, कारण पद्धत बदलली की आकडाही बदलतो.

आपल्याकडे रुळलेली पद्धत वॉक्ली आणि ब्लॅक यांची, १९३४ सालची. चाळलेल्या मातीत पोटॅशियम डायक्रोमेटचे द्रावण व संहत सल्फ्यूरिक आम्ल घालायचे, अर्धा तास ठेवायचे आणि उरलेले डायक्रोमेट अनुमापनाने मोजायचे. जितके खर्ची पडले त्यावरून कर्ब काढायचा. शेगडी लागत नाही. आम्ल द्रावणात मिसळताना निघणारी उष्णताच वापरली जाते. स्वस्त आणि सोपी अशी ही पद्धत आहे, यात शंका नाही.

पण तेवढ्या उष्णतेत सगळ्या कर्बाचे ऑक्सिडीकरण होत नाही. सरासरी ७७ टक्के होते असे धरून उत्तराला १.३ ने गुणतात. प्रत्यक्षात हे प्रमाण मातीगणिक बदलते. वणवा लागून गेलेल्या जंगलातला कोळसा डायक्रोमेटला फारशी दाद देत नाही. तेथे उत्तर कमी येते. खाडीकाठच्या खारफुटीत उलट घडते. मिठातले क्लोराइड डायक्रोमेट खाते आणि नसलेला कर्ब दिसू लागतो. आम्लात सिल्व्हर सल्फेट घालून याला आळा घालता येतो. ते घातले होते का, हे अहवालात यायला हवे.

पुढे कर्बाला १.७२४ ने गुणून 'सेंद्रिय पदार्थ' काढतात. सेंद्रिय पदार्थात ५८ टक्के कर्ब असतो, हे एकोणिसाव्या शतकातले गृहीत. २०१० साली प्रिबिल यांनी आधीच्या नोंदी तपासून बहुतेक मातींना २ हा गुणक अधिक जवळचा ठरतो, असा निष्कर्ष काढला. जुना गुणक तरीही वापरात आहे.

मग दुसरी पद्धत घ्यावी का? भट्टीत माती जाळून वजनातली घट मोजली, तर काळ्या जमिनीतल्या चिकणकणांना बांधलेले पाणीही उडते आणि सेंद्रिय पदार्थाच्या खात्यात जमा होते. यंत्रात पूर्ण ज्वलन करून कार्बन डायॉक्साइड मोजला, तर चुनखडीतला कर्ब त्यात मिसळतो. तो आधी आम्लाने काढावा लागतो किंवा वेगळा मोजून वजा करावा लागतो. चुनखडीचा हा त्रास वॉक्ली-ब्लॅक पद्धतीत नाही, हे तिच्या बाजूने सांगितले पाहिजे.

हा केवळ काटेकोरपणाचा हट्ट नाही. शेतीच्या निकषांत ०.५० टक्क्याखालचा कर्ब 'कमी' आणि ०.५० ते ०.७५ 'मध्यम' मानतात. अनुमापनातून ०.४२ आले तर जमीन 'कमी' गटात जाते; १.३ ने गुणले की ०.५५, म्हणजे 'मध्यम'. माती मात्र तीच! जुन्या पद्धतीचा आकडा नव्या पद्धतीच्या आकड्याशी ताडून 'वनीकरणाने कर्ब वाढला' असे म्हणणारा अभ्यासही याच खड्ड्यात पडतो.

संहत आम्ल आणि विषारी क्रोमियम यांमुळे हा प्रयोग शाळेत करू नये. परंतु एखाद्या अहवालातला मातीचा तक्ता वर्गात जरूर वाचावा आणि मुलांना तीन गोष्टी शोधायला सांगाव्यात : पद्धत कोणती, गुणक कोणता, आणि माती किती खोलीवरची. यांपैकी एकही सापडली नाही, तर तो आकडा दुसऱ्या आकड्याशेजारी मांडू नये.