विसंगत संगणकांमधील संहिता-स्थलांतर : ‘वऱ्हाड’ या शब्दाच्या निमित्ताने एक चिकित्सा

बीजशब्द : गृहसंगणक, बेसिक भाषा, संकेतन, फॉन्ट-रूपांतर, पाठचिकित्सा, वऱ्हाडी बोली.

प्रस्तावना

एखाद्या महाविद्यालयाच्या पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या वार्षिकाची अथवा लघुप्रबंधाची संगणकीय प्रत युनिकोडमध्ये आणू लागले की मजकुरात अनेक ठिकाणी पडझड झालेली आढळते. वऱ्हाडातील अभ्यासकाला त्यातील एक पडझड विशेष खटकावी अशी आहे, कारण ती प्रदेशाच्या नावावरच होते. ‘वऱ्हाड’चे ‘वर्हाड’ होते. ‘ह’च्या डावीकडचा आडवा अर्धा ‘र’ नाहीसा होऊन त्याच्या डोक्यावर रफार चढतो. वाचणारा त्याकडे मुद्रणदोष म्हणून पाहतो, मनातल्या मनात दुरुस्ती करतो आणि पुढे जातो. परंतु हा मुद्रणदोष नव्हे. एका यंत्राने लिहिलेले दुसऱ्या यंत्राने चुकीचे वाचल्यामुळे उद्भवलेला हा पाठदोष आहे, आणि त्याची चिकित्सा हस्तलिखितांतील पाठदोषांच्या चिकित्सेइतक्याच गांभीर्याने व्हावयास हवी, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

या दोषाचे स्वरूप समजण्यासाठी काहीसे मागे जाऊन, परस्परविसंगत गृहसंगणकांच्या काळात एका यंत्रावरील प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावर कसे नेले जात, हे पाहणे उपयुक्त ठरते. फॉन्टच्या जंजाळात जे धूसर दिसते ते तेथे अगदी उघड्यावर दिसते.

एकच संख्या, दोन अर्थ

भारत सरकारच्या ‘क्लास’ या संगणक-साक्षरता प्रकल्पाची सुरुवात १९८४-८५ मध्ये सुमारे अडीचशे शाळांतून झाली. त्यासाठी निवडलेले यंत्र होते एकॉर्न कंपनीचा ‘बीबीसी मायक्रो’. १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने ‘सिंक्लेअर स्पेक्ट्रम प्लस’ची परवानाप्राप्त आवृत्ती भारतीय बाजारात आणली. त्या दशकाच्या उत्तरार्धात शाळेत एक यंत्र आणि घरी दुसरे, अशी परिस्थिती असलेला विद्यार्थी दोन्हीकडे ‘बेसिक’ याच नावाची भाषा शिकत असे. दोन्ही यंत्रे प्रोग्राम साध्या कॅसेटवर ध्वनीच्या रूपात साठवीत. तरीही एकाची कॅसेट दुसऱ्याला लावून काहीही साध्य होत नसे.

विसंगतीचा पहिला थर ध्वनीचा. बीबीसी यंत्र सेकंदाला १२०० बिट या गतीने दोन ठरावीक स्वरांत माहिती लिहीत असे, तर स्पेक्ट्रम शून्य आणि एक यांचा भेद स्पंदांच्या लांबीने करीत असे. हा अडथळा तारेने ओलांडता येई. स्पेक्ट्रमला १९८३ पासून मिळणाऱ्या ‘इंटरफेस १’ या जोडयंत्रात क्रमिक संदेशवहनाची सोय होती आणि बीबीसी यंत्रात ती मुळातच होती. म्हणजे प्रोग्रामचा प्रत्येक अंक जसाच्या तसा पलीकडे पोहोचू शकत असे. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होई.

स्मृतीची बचत व्हावी म्हणून दोन्ही यंत्रे ‘प्रिंट’सारखी आज्ञा अक्षरशः न साठवता तिच्या जागी एक संख्या साठवीत. तिला टोकन म्हणतात. बीबीसी यंत्रात ‘प्रिंट’चे टोकन २४१ होते. स्पेक्ट्रममध्ये २४१ म्हणजे ‘लेट’. स्पेक्ट्रममध्ये ‘प्रिंट’साठी २४५ ही संख्या होती आणि बीबीसी यंत्रात तीच संख्या ‘रिपीट’ असा अर्थ सांगत असे. नक्कल निर्दोष असूनही अर्थ सर्वस्वी बदलतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल. फाइलमध्ये फक्त संख्या असतात. त्या संख्यांचा अर्थ फाइलमध्ये नसतो, तो वाचणाऱ्या यंत्रात असतो.

यावर उपाय असा की टोकनांऐवजी आज्ञांची पूर्ण अक्षरे पाठवावीत. स्पेक्ट्रमच्या जोडयंत्रात त्यासाठी स्वतंत्र मार्ग होता, आणि बीबीसी यंत्रात ‘स्पूल’ या आज्ञेने प्रोग्रामची अक्षरी प्रत तयार होत असे. आता शब्द ओळखू येतात. पण वाक्यरचना? पडद्यावर विशिष्ट जागी मजकूर उमटवण्यासाठी स्पेक्ट्रमच्या ‘प्रिंट ॲट’मध्ये आधी ओळ आणि मग स्तंभ सांगावा लागे, तर बीबीसीच्या ‘प्रिंट टॅब’मध्ये आधी स्तंभ आणि मग ओळ. बीबीसी बेसिकमधील ‘प्रोसीजर’ची सोय स्पेक्ट्रममध्ये नव्हतीच. असे भेद निदान लपून राहत नाहीत. यंत्र तक्रार करते, काम थांबते आणि माणूस दुरुस्ती करतो.

घातक असतात ते तक्रार न करणारे भेद. एखाद्या प्रश्नमंजूषेत अचूक उत्तरांची मोजणी करण्यासाठी, गुणसंख्येत ‘उत्तर बरोबर आहे काय’ या तुलनेचे फळ मिळवण्याची सुटसुटीत रीत होती. स्पेक्ट्रममध्ये सत्य विधानाचे मूल्य १ असते, म्हणून प्रत्येक बरोबर उत्तराला एक गुण वाढतो. बीबीसी यंत्रात सत्याचे मूल्य उणे १ असते. तीच ओळ तेथे बिनतक्रार स्वीकारली जाते, प्रोग्राम शेवटपर्यंत चालतो आणि प्रत्येक बरोबर उत्तराला विद्यार्थ्याचा एक गुण कमी होतो! असा दोष शोधण्यासाठी दोन्ही यंत्रे जाणणारा माणूस लागतो. केवळ प्रोग्राम ‘चालला’ या पुराव्यावर स्थलांतर यशस्वी झाले असे मानणे किती फसवे आहे, हे येथे दिसून येते.

बेसिकोडचा प्रयोग आणि त्याची किंमत

नेदरलँड्समधील ‘एनओएस’ या प्रसारण संस्थेच्या ‘हॉबीस्कूप’ कार्यक्रमातून १९८० च्या दशकाच्या आरंभी ‘बेसिकोड’ नावाचा एक तोडगा पुढे आला. वेगवेगळ्या यंत्रांना समजेल असा बेसिकचा समाईक गाभा निवडण्यात आला. १००० क्रमांकाच्या आधीच्या ओळी यंत्रागणिक वेगळ्या असलेल्या उपकार्यांसाठी राखून ठेवण्यात आल्या. पडदा पुसावयाचा तर कोणत्याही यंत्रावर ओळ १०० कडे जावयाचे, मग तेथे ते यंत्र आपापल्या पद्धतीने पडदा पुसेल. प्रोग्राम रेडिओवरून ध्वनीच्या रूपात प्रसारित होत आणि श्रोते ते घरी ध्वनिमुद्रित करून घेत.

योजनेची कल्पकता निर्विवाद आहे. यंत्राचा विशेष आणि प्रोग्रामचा आशय यांच्यात स्पष्ट सीमारेषा आखणे, हे तिचे मोठेच योगदान होय. तथापि तिच्या मर्यादेची चर्चा त्या मानाने कमी होते. समाईक गाभा ठरवताना प्रत्येक यंत्राचे वैशिष्ट्य बाजूला पडले. आरंभीच्या आवृत्त्यांत चित्रांना आणि रंगांना स्थान नव्हते आणि ध्वनी एका ‘बीप’पुरता उरला होता. जो प्रोग्राम मुळातच यंत्राच्या वैशिष्ट्यावर उभा आहे, त्याला या व्यवस्थेत प्रवेशच नव्हता. हिशेब, प्रश्नमंजूषा, याद्या यांना तो सहज मिळाला.

प्रमाणभाषा आणि बोली यांच्या संबंधांचा विचार करणाऱ्या मराठीच्या प्राध्यापकाला हे चित्र परिचयाचे वाटेल. समाईक गाभ्यामुळे देवघेव सुलभ होते हे खरे, पण त्या गाभ्यात न बसणारे सारे ‘चूक’ ठरू लागते. वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘शाळा’ची ‘शाया’ होते. जुनी संहिता नव्या संकेतनात नेताना सोबत प्रमाण मराठीचा शब्दतपासनीस चालवला, तर तो ही रूपे टंकनदोष समजून अधोरेखित करतो आणि घाईत असलेला जुळारी ती ‘सुधारतो’. वऱ्हाडी कथा किंवा लोकगीतसंग्रह या मार्गाने गेला की अक्षरे शाबूत राहतात, बोली मात्र जाते.

फॉन्ट : टोकनांची मराठी आवृत्ती

मराठीच्या संगणकीय संकेतनाचा पाया तसा भक्कम घातला गेला होता. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट तंत्रज्ञान आणि भारतीय मानक म्हणून १९९१ मध्ये स्वीकारली गेलेली ‘इस्की’ संकेतप्रणाली यांत अक्षराला, म्हणजे उच्चारघटकाला, संख्या दिलेली होती. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली आहे. परंतु डीटीपीच्या व्यवसायात रुळले ते निरनिराळ्या कंपन्यांचे फॉन्ट. त्यांत संख्या दिलेली होती ती आकाराला. काना, वेलांटी, अर्धे अक्षर, रफार अशा तुकड्यांना रोमन अक्षरांच्या जागा वाटून देण्यात आल्या आणि प्रत्येक कंपनीची वाटणी वेगळी राहिली. २४१ म्हणजे ‘प्रिंट’ की ‘लेट’ हा जो प्रश्न, तोच येथे प्रत्येक अक्षरापाशी उभा राहतो. फॉन्टचे नाव हरवले की किल्ली हरवली.

क्रमाचा घोळही तोच. पहिली वेलांटी डोळ्यांना अक्षराच्या आधी दिसते, म्हणून या फॉन्टमध्ये ती आधी टंकित होते. इस्की व युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर येते. ‘स्थिती’ हा शब्द रूपांतरित करताना पहिली वेलांटी केवळ एका अक्षरापलीकडे नेऊन भागत नाही, ती संपूर्ण ‘स्थ’ या जोडाक्षरापलीकडे न्यावी लागते. रूपांतरक प्रोग्रामला जोडाक्षर कोठे संपते हे कळले नाही तर वेलांटी मध्येच अडकते. हा दोष मात्र डोळ्यांना टोचतो, म्हणून दुरुस्त होतो.

‘वऱ्हाड’चे तसे नाही. आडवा ‘र’ आणि रफार हे दोन्ही अर्ध्या ‘र’चेच आकार. फॉन्टमध्ये त्यांना वेगळ्या जागा असतात. रूपांतरकाने दोहोंचेही ‘र’ अधिक हलन्त असे एकच भाषांतर केले, तर युनिकोड नियमाप्रमाणे रफार दाखवतो आणि आपण चुकलो असे कोणालाही सांगत नाही. गुण उणे करणाऱ्या प्रश्नमंजूषेचा हा सख्खा भाऊ. हा भेद केवळ शोभेचा आहे असेही म्हणता येत नाही. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ या दोन रूपांपैकी एकाने विद्वानाला काही दिले जाते, दुसऱ्याने स्वयंपाक करणाऱ्याला. मराठीने हा फरक लेखनात जपला आहे. मराठीची गरज न ओळखणाऱ्या रूपांतरकाने तो पुसावा, ही गोष्ट मराठीच्या अध्यापकांनी तंत्रज्ञांच्या भरवशावर सोडण्याजोगी नाही.

जतनाचा प्रश्न आणि सकळ लिपीचा दाखला

अचलपूर आणि रिद्धपूर यांच्या परिसराला किल्ली हरवणे म्हणजे काय, हे सांगण्याची गरज पडू नये. रिद्धपूर ही गोविंदप्रभूंची भूमी आणि म्हाइंभटांच्या लीळाचरित्राची जन्मभूमी. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत जपले. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर योजलेले असते. पोथ्या शतकानुशतके सुरक्षित राहिल्या, नकलाही निष्ठेने होत राहिल्या, परंतु किल्ली पंथाच्या परंपरेतच असल्यामुळे मराठीच्या इतर अभ्यासकांना त्या विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जवळजवळ मुक्याच होत्या. ही कोंडी फोडणाऱ्यांत वि. का. राजवाडे यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. पुढे ह. ना. नेने, वि. भि. कोलते यांच्यासारख्या संपादकांना लिपी उलगडल्यावरही पाठभेदांचा डोंगर उपसावा लागला. लिप्यंतर झाले म्हणजे संपादन झाले, असे त्यांनी मानले नाही.

सकळ लिपीची किल्ली निदान जिवंत परंपरेत होती, गुरूकडून शिष्याकडे जात होती. फॉन्टची किल्ली एखाद्या बंद पडलेल्या डीटीपी केंद्राच्या संगणकात असते आणि तो संगणक भंगारात गेलेला असतो.

आज जुन्या गृहसंगणकांची हुबेहूब नक्कल करणारे अनुकारक प्रोग्राम उपलब्ध आहेत. त्यांच्या साहाय्याने स्पेक्ट्रमचा प्रोग्राम न बदलता आजच्या यंत्रावर चालवता येतो. जुन्या पानाची छायाप्रत काढण्यासारखेच हे आहे. मूळ रूप टिकते, पण त्यातील मजकूर शोधता, उद्धृत करता किंवा पुढे वापरता येत नाही. उलट रूपांतराने मजकूर वापरात येतो आणि वर पाहिले तसे दोषही आत येतात. त्यामुळे एकाची निवड करून दुसरे टाकून देणे अयोग्य आहे. मूळ फाइल, तिचा फॉन्ट आणि रूपांतरित संहिता या तिन्ही एकत्र ठेवल्या पाहिजेत. रूपांतरित प्रतीच्या आरंभी मूळ फॉन्टचे नाव, वापरलेला रूपांतरक, रूपांतराचा दिनांक आणि हाताने केलेल्या दुरुस्त्यांची नोंद असावी. हस्तलिखिताच्या संपादकाकडून आपण एवढी अपेक्षा करतोच. ग्रंथालयांनी लघुप्रबंधाची केवळ छापील प्रत व तबकडी दाखल करून घेतली आणि हा तपशील मागितला नाही, ही गेल्या काही दशकांतील मोठीच उणीव म्हणावी लागेल. रिद्धपूर येथे अलीकडे स्थापन झालेल्या मराठी भाषा विद्यापीठाला वऱ्हाडात वापरल्या गेलेल्या फॉन्टांच्या संकेतसारण्या गोळा करण्याचे काम हाती घेता येईल. हे काम खर्चिक नाही. मात्र जुने जुळारी हयात आहेत तोवरच ते सोपे आहे.

युनिकोड आले म्हणजे विसंगती संपली, हा समजही तपासून घ्यावा लागतो. आडवा ‘र’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एक रीत ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडण्याची, दुसरी साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देण्याची. पडद्यावर दोन्ही ‘वऱ्हाड’ सारखेच दिसतात, परंतु यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. दोन रीतींचा मेळ घालण्याची सोय नसलेल्या ग्रंथसूचीत एका रीतीने ‘वऱ्हाड’ शोधणाऱ्या संशोधकाला दुसऱ्या रीतीने नोंदवलेले ग्रंथ दिसत नाहीत, आणि ते तेथे आहेत हेही त्याला कळत नाही.