रक्ताचा नमुना आणि कोरा रकाना

जुलै २०२० मध्ये मुंबई महानगरपालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्या पुढाकाराने दहिसर, चेंबूर आणि माटुंगा या विभागांत कोरोनाची रक्ततपासणी झाली. ६९०४ माणसांच्या नमुन्यांवरचा शोधनिबंध पुढे ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला. झोपडपट्टीत ५४.१ टक्के आणि झोपडपट्टीबाहेर १६.१ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेला होता, असा त्याचा निष्कर्ष आहे.

या संशोधनाचे मोल मान्य केलेच पाहिजे. केवळ नोंदलेले रुग्ण मोजले असते, तर वस्तीतली ही माणसे हिशेबात आलीच नसती. आमचा आक्षेप आहे तो कारणमीमांसेवर.

दाट वस्ती, सामायिक संडास आणि पाण्याच्या सामायिक जागा ही संभाव्य कारणे तेव्हा सांगितली गेली. ती खोटी नाहीत. पण विचार तिथेच थांबला. शंभर माणसांना एक नळ ही काही निसर्गाची करणी नव्हे. ठरावीक तारखेनंतरच्या झोपड्यांना पालिकेचे पाणी नाही, हे या शहराचे धोरण होते. पाणी हक्क समितीला त्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागले. घर बेकायदेशीर असले तरी पाणी नाकारता येत नाही, हे न्यायालयाने सांगितले ते डिसेंबर २०१४ मध्ये. म्हणजे १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी उभा केलेला प्रश्न दहिसरच्या नळापाशी अजून उभाच आहे. रोग नवा असेल. त्याची वाट जुनी आहे.

दुसरी गोष्ट. निष्कर्ष वस्ती, वय आणि लिंग यांनुसार मांडले आहेत, जातीनुसार नाहीत. टाळेबंदीत कचरा कोण उचलत होते? तो सामायिक संडास कोण धूत होते? ‘झोपडपट्टी’ या एका शब्दाखाली हे सारे झाकून जाते. विज्ञानाला जात दिसत नाही असे म्हणणे सोपे आहे. विषाणूला ती दिसत नसली, तरी त्याच्यापुढे कुणाला उभे करायचे हे समाजव्यवस्था ठरवते.

हा आग्रह केवळ तात्त्विक नाही. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने रोगट ठरवलेल्या गरीब वस्त्या पाडल्या; जेवढी माणसे उठवली तेवढ्यांना घरे मात्र दिली नाहीत. कारण अर्धे सांगितले की उपायही असाच निघतो. वस्ती रोगट ठरते आणि तिला तसे ठेवणारे मोकळे राहतात.

म्हणून पुढच्या साथीत रक्ताच्या नमुन्यासोबत जात, काम आणि पाण्याचे तास यांचीही नोंद व्हावी. निष्कर्ष वस्तीत, मराठीत वाचून दाखवावेत. विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी ही मागणी आजच लावून धरली पाहिजे. ज्याचे रक्त घेतले, त्याला उत्तर मिळालेच पाहिजे.